ढकलायचा नाही, ओढायचा!

बेंगळुरूला तुमकुरू रोडवरच्या बीआयईसीत इंडियावूड हे लाकूडकामाचं प्रदर्शन भरतं. बहुतेक जागा सीएनसी, एज बँडिंग, बिजागऱ्या आणि प्लायवाल्यांची. ती दालनं मी भराभर पार केली, आपला जीव हातहत्यारांत!

एका छोट्या टेबलावर जपानी रंधा होता, ‘कान्ना’. आपला रंधा ढकलतात, हा स्वतःकडे ओढायचा. ओकच्या ठोकळ्यात पातं ठोकून घट्ट बसवलेलं. पात्याला दोन थर: मऊ लोखंड आणि धारेला कडक पोलाद. पोलादाच्या बाजूला मधे खोलगट भाग, त्यामुळे दगडावर घासताना कमी पोलाद घासावं लागतं. हुशारी आहे ना?

शेजारी सांगलीकडचे एक मिस्त्रीकाका. “द्या इकडं,” म्हणत त्यांनी घेतला आणि सवयीनं ढकललाच! फळीत रुतला. आम्ही पाच-सहा अनोळखी सुतार खो-खो हसलो, काका सगळ्यांत जास्त. मग ठोकळ्याच्या मागच्या कडेला त्यांनी हातोडीनं हलकेच टकटक केलं (असं केलं की पातं मागे सरतं) आणि ओढला. निघालेल्या सोलपटातून मोबाइलवरची अक्षरं वाचता येत होती. जपानात ‘केझुरोकाई’ मेळाव्यात सुतार यासाठीच भिडतात, दहा मायक्रॉनहून पातळ! माणसाचा केस साधारण सत्तरचा.

उलट्या रेषेवर लाकूड उचकटतं, त्यावर काकांचा उपाय: फळी फिरवा, नाहीतर पात्यावरची पट्टी धारेच्या अगदी जवळ आणा.

तीन चहा झाले. मशिनं बघायची राहिलीच.