आकडी मेंदूची की हृदयाची?

अपस्मार हा मेंदूचा विकार आणि ठोक्यांची अनियमितता हा हृदयाचा, ही वाटणी रुग्णालयातील विभागांना सोयीची असली, तरी चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूपेशी यांचे काम एकाच तत्त्वावर, म्हणजे विद्युतभारित कणांच्या आवकजावकीवर चालते. पेशीच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात, त्यांना आयन वाहिन्या म्हणतात. सोडियमचे कण आत शिरले की पेशी उद्दीपित होते आणि पोटॅशियमचे कण बाहेर पडले की ती शांत होऊन पुढच्या स्पंदासाठी सज्ज होते. ही द्वारे कशी घडावीत याची माहिती जनुकांत असते, आणि त्या माहितीत दोष म्हणजेच उत्परिवर्तन झाले, तर ती वेळेवर उघडत किंवा मिटत नाहीत.

याचा सर्वांत सखोल अभ्यास 'दीर्घ क्यूटी' या विकारात झाला आहे. क्यूटी म्हणजे ईसीजीच्या आलेखावरील असे अंतर, ज्यावरून हृदयाचे खालचे कप्पे उद्दीपित होऊन पुन्हा पूर्वस्थितीला येण्यास किती वेळ घेतात हे कळते. सुमारे २००० जणांमागे एकात जन्मतःच हे अंतर लांबलेले असते. १९५७ मध्ये येरवेल आणि लांगे-नील्सन यांनी नॉर्वेतील एका कुटुंबाची नोंद केली, ज्यातील सहापैकी चार मुले जन्मतः बहिरी होती, त्यांना वारंवार मूर्च्छा येई, आणि त्यांपैकी तिघे बालपणीच अचानक दगावले. या प्रकारात आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, म्हणून मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाहाची रीत असलेल्या महाराष्ट्रातील घराण्यांनीही त्याची दखल घ्यावी. ऐकू व्यवस्थित येणाऱ्यांमधील, अधिक आढळणाऱ्या प्रकाराला मात्र एकच सदोष प्रत पुरते, आणि रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी असते.

अशा व्यक्तीचे हृदय एकाएकी अतिवेगाने आणि बेताल धडधडू लागले, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, ती कोसळते, हातपाय झटकते, आणि पाहणाऱ्यांना ती फिट वाटते. वर्षानुवर्षे अपस्माराची औषधे दिली गेली आणि मूळ दोष हृदयात निघाला, असे रुग्ण वैद्यकीय साहित्यात वारंवार भेटतात. ही चूक जीवघेणी ठरू शकते.

परंतु प्रश्न केवळ चुकीच्या निदानाचा नाही. केसीएनक्यू१ हे दीर्घ क्यूटीचे एक प्रमुख जनुक हृदय आणि अंतर्कर्णाशी निगडित मानले जाई. २००९ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांना ते उंदरांच्या मेंदूतही कार्यरत आढळले, आणि मानवी रुग्णांतील दोष ज्या उंदरांच्या जनुकात उतरवला होता, त्यांच्यात अपस्मार आणि हृदयाची अनियमितता दोन्ही दिसून आल्या. म्हणजे काही रुग्णांत आकडी खरोखर मेंदूचीच असेल आणि धोका तरीही हृदयाला असेल.

उलट दिशेचे, म्हणजे मेंदूच्या विकारातून अचानक मृत्यू ओढवण्याचे, उदाहरण ड्रावे विकाराचे आहे. तान्ह्या वयात, बहुधा तापासोबत सुरू होणाऱ्या या तीव्र अपस्मारामागे बहुतेकदा एससीएन१ए या सोडियम वाहिनीच्या जनुकातील दोष असतो, आणि तो बहुतांशी आईवडिलांकडून न येता नव्यानेच उद्भवलेला असतो. अपस्मारातील अचानक मृत्यूचे प्रमाण प्रौढ रुग्णांत वर्षाला हजारी एक असे मानतात; ड्रावे विकारात ते बरेच अधिक आहे. अशा मृत्यूंत पुष्कळदा आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, म्हणून सारा दोष हृदयाच्या जनुकांवर टाकणे बरोबर नाही. पण त्यांना वगळणेही परवडणारे नाही.

दोन्ही अवयवांचे हे नाते औषधांतही दिसते. फेनिटॉइन हे सोडियम वाहिनी रोखणारे औषध १९३८ पासून अपस्मारावर प्रसिद्ध आहे आणि हृदयाच्या अनियमिततेवरही वापरले गेले आहे. ड्रावे विकारात मात्र तशाच औषधांनी आकड्या वाढू शकतात.

म्हणून पहिली आकडी आल्यावर कांदा हुंगवण्यात किंवा हातात लोखंड देण्यात वेळ न दवडता रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे, आणि मेंदूच्या तपासण्यांबरोबर काही मिनिटांत होणारा, अल्पखर्चाचा ईसीजी आवर्जून मागावा. चालू गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मूर्च्छा धावताना, पोहताना किंवा गजराच्या आवाजाने दचकून आली असेल, अथवा घरातील कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे.