समजून घ्या : लाकडाच्या लेथचे हँडल घट्ट बसेना? हातोडी मारण्याआधी आटे मोजा

पोळपाट-लाटणे, ताक घुसळायची रवी, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब. हिंगोली जिल्ह्यातील सुतारांकडे अशी गोल कामे आली की लाकडाचा लेथ सुरू होतो. या मशीनमध्ये मोटर महाग, बेड जड. पण काम अडते ते अनेकदा बोटभर हँडलमुळे. टूल रेस्ट जागेवर धरून ठेवणारे हे हँडल झिजले की कितीही आवळा, सरकतेच. मग कोणी त्यात पाइप घालून जोर लावतो, कोणी हातोडीने ठोकतो. इथेच स्वस्तातली दुरुस्ती महाग होते.

हे हँडल नेमके काय करते?

लाकडाच्या लेथवर साधारण चार ठिकाणी आवळण्याची सोय असते. टूल रेस्टची उंची धरणारे हँडल, टूल रेस्टचा खालचा भाग (याला बँजो म्हणतात) बेडवर पक्का करणारे, टेलस्टॉक बेडवर रोखणारे आणि टेलस्टॉकमधील पुढे-मागे होणारी नळी थांबवणारे. यातले एक जरी ढिले असले तरी फिरणारे लाकूड किंवा हातातली पटाशी यापैकी एकावरचा ताबा सुटतो.

ढिले हँडल इतके धोकादायक का?

पटाशी टूल रेस्टवर टेकवून चालवतात. रेस्ट आणि लाकूड यांत साधारण एक सूत, म्हणजे ३ मिलिमीटर अंतर ठेवण्याची पद्धत आहे. काम सुरू असताना रेस्ट खाली किंवा मागे सरकली की हे अंतर वाढते. पटाशीचे टोक फिरत्या लाकडात रुतते आणि लाकूड तिला खाली ओढते. बाभळीसारखे कठीण लाकूड असेल, त्यात गाठ आली, तर झटका आणखी मोठा. पटाशी हातातून सुटते किंवा बोटे रेस्ट आणि लाकडाच्या मध्ये सापडतात. टेलस्टॉक ढिला असेल तर अख्खे लाकूडच उडून तोंडावर येऊ शकते.

हँडल झिजते म्हणजे काय होते?

नव्या मशीनवर बहुतेक वेळा उचलून फिरवायचे हँडल असते. त्याच्या पोटात दाते आणि स्प्रिंग असते. हँडल वर उचलले की दाते सुटतात, मोकळे फिरते. सोडले की पुन्हा अडकते. अडचणीच्या जागेतही आवळता यावे म्हणून ही सोय. यातली अनेक हँडल जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि आतला आट्यांचा दांडा पोलादी. पोलादापुढे मऊ धातूचे दाते आधी झिजतात. पाइप घालून जोर दिला की ते एका झटक्यात जातात.

बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

नवे हँडल आणण्याआधी तीन गोष्टी पाहा.

• हँडल फिरते, पण दांडा फिरत नाही : आतले दाते गेले. हँडल बदला.

• हँडल आणि दांडा दोन्ही फिरतात, पण आवळत नाही : आटे झिजले. दांड्याचे की बिडाच्या भागातले, ते पाहा. बिडातले आटे गेले असतील तर नुसते हँडल बदलून उपयोग नाही. टर्नरकडून मोठ्या मापाचे आटे पाडून घ्यावे लागतील किंवा बुश बसवावे लागेल.

• बँजो किंवा टेलस्टॉक सरकतो, पण हँडल शाबूत आहे : बेडखाली वाकून पाहा. अनेक मशीनवर तिथे एक पट्टी आणि नट असतो. नट ढिला झाला असेल तर पाव फेरा आवळा. बेडवर तेल किंवा मेण साचले असेल तर पुसा. एवढ्यानेही काम होऊ शकते.

माप कसे घ्यायचे?

दुकानदाराला 'लेथचे हँडल द्या' म्हणून चालत नाही. जुन्या देशी मशीनवर अनेकदा इंची, म्हणजे सुताच्या मापातले आटे असतात; नव्यांवर मिलिमीटरचे. तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर. तो दांडा १० मिलिमीटरचाच वाटतो आणि तिथेच फसगत होते.

व्हर्नियरने दांड्याची जाडी मोजा. मग फुटपट्टी लावून सलग दहा आट्यांचे अंतर मोजा. ते ८ मिमी दांड्यावर १२.५ मिमी, १० मिमीवर १५ मिमी आणि १२ मिमीवर १७.५ मिमी भरते. तीन सुती दांड्यावर साधारण १५.९ आणि चार सुतीवर २१.२ मिमी भरते. ही नेहमीच्या जाड आट्यांची मापे आहेत.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे जुना दांडा सोबत नेणे. त्यावर हाताने नट चढवून पाहा. शेवटपर्यंत सहज गेला तर माप बरोबर. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर पान्याने जोर देऊ नका. आटे वेगळे आहेत.

दांड्याची लांबीही महत्त्वाची. जास्त लांब असेल तर तो तळाला टेकतो आणि आवळल्यासारखे वाटते, पण पकड येत नाही. आखूड असेल तर मोजकेच आटे धरतात. दांड्याच्या जाडीइतकी लांबी तरी आट्यांत बसलीच पाहिजे.

बदलायचे कसे?

१. स्विच बंद करून प्लग काढा.

२. हँडल उलटे फिरवून काढा. उचलून फिरवायच्या हँडलला वरच्या बाजूला छोटा स्क्रू असेल तर तो सोडला की हँडल, स्प्रिंग आणि दांडा सुटे होतात. स्प्रिंग उडते, सांभाळा.

३. आतल्या आट्यांतला भुसा आणि गंज साफ करा.

४. नव्या दांड्याच्या आट्यांना तेलाचा एक थेंब पुरे. जिथे पकड यायला हवी त्या पृष्ठभागावर तेल नको.

५. सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्या.

६. हँडल फिरत्या लाकडाला लागत नाही ना, हे लाकूड हाताने फिरवून पाहा.

७. टूल रेस्टवर हाताने जोर देऊन पाहा. सरकली नाही तरच बाजूला उभे राहून कमी वेगात मशीन सुरू करा.

हँडल लगेच मिळाले नाही तर?

वसमतकरांना नांदेड जवळ, सेनगावकरांना रिसोड. तिथेही मिळाले नाही तर ऑनलाइन मागवता येते. तोवर त्याच मापाच्या बोल्टच्या डोक्यावर आडवी सळई वेल्ड करून घेता येईल. हे हँडल उचलून फिरवता येत नाही, म्हणून ते नको त्या दिशेला येऊन थांबू शकते. अशा वेळी खाली पातळ वॉशर घाला. १० मिमी बोल्टखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातला की थांबण्याची जागा एक तृतीयांश फेऱ्याने बदलते.

सरकारी मदत मिळते का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात (सीएससी) होते.

लक्षात ठेवा

रोज काम सुरू करताना चारही हँडल एकदा आवळून पाहा. कालच्यापेक्षा थोडा जास्त जोर लागू लागला, तर हँडल झिजू लागले असे समजा. त्याच दिवशी माप लिहून ठेवा. हँडल पुन्हा विकत आणता येते, बोट नाही.