वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घरी आलात? पहिले पंधरा दिवस असे सांभाळा

ऑपरेशन पुण्याला, मुंबईला किंवा नाशिकला होतं. दोन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि पेशंट गावी येतो. खरी परीक्षा इथून पुढे असते. दवाखान्यात बेल दाबली की सिस्टर यायच्या. घरी मात्र बघायला आलेले पाहुणे असतात, "किती उतरलंय तोंड, दोन घास तरी खा" म्हणणारी आई असते, आणि ऑपरेशन केलेले डॉक्टर दीडशे किलोमीटर लांब असतात.

या ऑपरेशनला बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ते करून घेतलं, तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. आता तालुक्याच्या गावांतूनही लोक त्यासाठी शहरात जातात. पण घरी आल्यावर काय करायचं, हे नीट समजून घेणारे कमी. म्हणून ही माहिती.

पोटात नेमकं काय केलेलं असतं?

पुष्कळांना वाटतं की पोटावरची चरबी काढली. तसं नाही. ऑपरेशन जठराचं, म्हणजे अन्नाच्या पिशवीचं असतं. सगळ्यात जास्त होणाऱ्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. राहते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात.

हे सगळं दुर्बिणीतून होतं. त्यामुळे बाहेर चार-पाच बारीक भोकं दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, ऑपरेशन किरकोळच आहे. पण स्लीव्हमध्ये आत साधारण वीतभर लांबीची कापलेली कड असते आणि ती बारीक पिनांनी बंद केलेली असते. ती शिवण पक्की व्हायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत तिच्यावर ताण येऊ द्यायचा नाही. या लेखातल्या बहुतेक सगळ्या सूचनांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

गावी येतानाचा प्रवास

लांबचा प्रवास असेल तर दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. एकाच जागी बसून राहिलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. सीटबेल्ट लावाच. तो टोचू नये म्हणून पोटावर छोटी उशी धरा. मोटरसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून येऊ नका. पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि घोट घोट घेत राहा.

पाणी : पहिल्या दिवसांचं मोठं काम

या दिवसांत भूक फारशी लागत नाही, तहानही नीट कळत नाही. त्यामुळे पाणी कमी पडून अशक्तपणा, चक्कर, लघवी कमी होणं असे त्रास सुरू होतात. घरी आलेल्या पेशंटला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं.

आता तांब्याने घटाघटा पाणी पिता येणार नाही. औषधाच्या बाटलीवर मापाचं छोटं झाकण येतं, ते स्वच्छ धुऊन घ्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी साधारण ३० मिली पाणी, तेही दोन-तीन घोटांत. जागे असाल तोवर हे चालूच ठेवायचं. हळूहळू दिवसाला दीड लिटरपर्यंत पोचायचं. मोबाईलवर अलार्म लावा किंवा घरातल्या शाळकरी पोराला हे काम द्या, पोरं वेळेची पक्की असतात.

सोडा, कोल्ड्रिंक आणि इनो नको. गॅसने छोटी पिशवी फुगते आणि दुखतं. नळीने (स्ट्रॉने) पिऊ नका, हवा आत जाते. गोड सरबत, उसाचा रस नको. बायपास झालेल्याला गोड पोटात गेल्यावर घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात.

खायचं काय, कधी?

तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद पहिला. प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असतो. साधारण क्रम असा :

- पहिले एक-दोन दिवस : पाणी, पातळ गाळलेलं वरणाचं पाणी, नारळपाणी. पलीकडचं दिसेल इतकं पातळ.
- त्यानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत : सायीशिवाय दूध, गाळलेलं ताक, मुगाचं कढण, गाळलेली पेज, पातळ सूप, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. एकही गुठळी, डाळीचं साल किंवा जिऱ्याचा दाणा नको.
- तिसरा-चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेलं मऊ. घोटलेलं वरण, दही, कुस्करलेलं पनीर.
- पाचवा-सहावा आठवडा : मऊ खिचडी, मऊ उकडलेलं अंडं, शिजवून कुस्करलेली भाजी.
- भाकरी, चपाती, मटण, कच्ची काकडी-कांदा हे सगळं त्यानंतर, डॉक्टरांना विचारूनच.

पेज बिनत्रासाची वाटते म्हणून दिवसभर तीच पिऊ नका. पेजेत प्रोटीन फार थोडं असतं. जखम भरायला आणि अंगातली ताकद टिकायला प्रोटीन लागतं. रोज ६० ग्रॅमपर्यंत पोचायचं असतं. पाव लिटर दुधात साधारण ८ ग्रॅम आणि एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतं, यावरून अंदाज येईल. म्हणून सुरुवातीला प्रोटीन पावडर देतात. ती 'पैलवानांची पावडर' नाही, तुमच्या औषधाचाच भाग आहे.

खाणं सुरू झाल्यावर तीन नियम : छोटा चमचा वापरा, एका घासानंतर थांबा, छातीत दाटल्यासारखं झालं की तिथेच बंद करा. जेवताना पाणी नको. जेवण आणि पाणी यात अर्धा तास अंतर ठेवा.

झोपून राहू नका

आपल्याकडे ऑपरेशन झालं म्हणजे अंथरुणातून उठूच देत नाहीत. इथे उलट आहे. जास्त वजन आणि नुकतंच ऑपरेशन, या दोन्हींमुळे पायाच्या शिरांत रक्त गोठू शकतं. ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. म्हणून जागे असताना दर तास-दोन तासांनी पाच-दहा मिनिटं चाला. अंगणात, ओट्यावर, गल्लीत, कुठेही. पोटात घ्यायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडू नका.

दवाखान्यातून तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो. खोकताना पोटावर उशी धरा. रात्री घोरण्यासाठी मशीन लावत असाल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते बंद करू नका.

चालायचं म्हणजे कामाला लागायचं असं मात्र नाही. पाण्याचा हंडा, खताचं पोतं, फवारणीचा पंप, कडेवरचं मूल यातलं काहीच चार ते सहा आठवडे उचलायचं नाही.

कोणता त्रास साधा?

पहिले दोन-चार दिवस खांदा दुखतो. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे ते होतं. चालल्याने कमी होतं. भोकांच्या जागी थोडं दुखणं, थकवा, मळमळ, दोन-तीन दिवस संडास न होणं हेही होतं. दिवसागणिक कमी होत गेलं तर काळजी नाही. दुखणं कालच्यापेक्षा आज वाढलं, तर तो साधा त्रास समजू नका.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

आतल्या शिवणीतून गळती होणं हा दुर्मिळ पण सगळ्यात गंभीर धोका. तो बहुतेक वेळा पेशंट घरी गेल्यावर, पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. आणि त्याची पहिली खूण पोटात नाही, मनगटावर दिसू शकते : नाडी जोरात पळते.

रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसा, मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. बसल्या जागी नाडी १०० च्या वर राहत असेल तर सर्जनला फोन करा. १२० च्या वर असेल तर फोन करत करतच निघा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच हळू राहते, त्यामुळे फक्त नाडीवर विसंबू नका. पुढच्या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या :

- १०१ किंवा जास्त ताप, थंडी वाजणं
- वाढत जाणारी पोटदुखी, किंवा डावा खांदा नव्याने दुखणं
- दम लागणं, छातीत दुखणं
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं
- पाणीही पोटात न टिकणं, आठ तास लघवी न होणं
- उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास
- जखमेतून पू, भोवती लाली
- बरेच दिवस उलट्या होऊन डोळ्यांना दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बरळणं

अशा वेळी "गॅस झालाय" म्हणून ओवा चावत रात्र काढू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि रात्रीही येते.

गावातल्या डॉक्टरांना हे सांगा

तातडीच्या वेळी पहिली धाव गावातल्या दवाखान्याकडेच असते आणि ते बरोबरच आहे. पण तिथल्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन माहीत असेलच असं नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गेल्या गेल्या हे सांगा :

१. कोणतं ऑपरेशन झालं, कोणत्या तारखेला, आणि सर्जनचा नंबर.

२. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी दुखण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन नको. त्याने आत अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलमधून "अंगदुखीची दोन रंगांची गोळी" न विचारता घेण्याची सवयही सोडा.

३. बरेच दिवस उलट्या असतील तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचं का, हे सर्जनशी बोलून ठरवा. अंगातलं बी-१ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

४. नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर आधी सर्जनला विचारा.

शुगर आणि बीपीच्या जुन्या गोळ्या

खाणं एकदम कमी झाल्यामुळे शुगर पहिल्या दिवसांपासूनच उतरू लागते. जुन्याच डोसने गोळ्या किंवा इन्सुलिन घेतलं तर शुगर फार खाली जाऊ शकते. बीपीचंही तसंच. डिस्चार्ज कार्डावर जो नवा डोस आहे तोच घ्या, घरातला जुना डबा बाजूला ठेवा. शुगर मोजायचं यंत्र असेल तर रोज मोजा. अ‍ॅसिडिटीची गोळी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या चुकवू नका. जीवनसत्त्वं तर आयुष्यभर घ्यायची आहेत.

तंबाखू, मिश्री, बिडी, दारू पूर्ण बंद. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो आणि अल्सरचा धोका वाढतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

आपल्याकडे माया ताटातून दाखवतात. समोरचं माणूस अर्धी वाटी ताकावर दिवस काढतंय, हे आईला बघवत नाही. पण या दिवसांत आग्रहाचा एक लाडू उलट्या सुरू करू शकतो, आणि जोराच्या उलट्यांनी शिवणीवर ताण येतो. माया दाखवायचीच असेल तर सोबत चार फेऱ्या मारा, पाण्याची वेळ सांभाळा, नाडी मोजून द्या.

आणखी एक. "तोंडावर ताबा ठेवला असता तर एवढा खर्च वाचला असता" हे वाक्य घरात कोणीही बोलू नये. पहिल्या आठवड्यांत पेशंटला रडू येतं, चिडचिड होते, "कशाला केलं हे" असंही वाटतं. शरीर उपाशी असतं, हार्मोन बदलत असतात आणि जेवणाचा आनंद अचानक गेलेला असतो. हे बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. निवळलं नाही, झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. त्यात लाज कसली?

पहिल्या फॉलोअपची तारीख आज कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरं वाटत असलं तरी त्या दिवशी जायचंच. एस.टी.चं तिकीट महाग वाटलं तर वाटू द्या, नंतरचा खर्च त्याहून मोठा असतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. गावात कोणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर त्यांच्या घरच्यांना ही बातमी जरूर पाठवा.)