रानात पायांत काय घालाल?



बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात त्याच्याभोवती चार फेऱ्या मारतो. दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून बघतो. स्वतःच्या पायासाठी बूट घ्यायचा झाला, की मात्र एस. टी. सुटायच्या घाईत दुकानदार देईल तो जोड पिशवीत टाकून घरी येतो. दुसऱ्या दिवशी तो चावतो, तिसऱ्या दिवशी खुंटीला जातो, आणि आपण पुन्हा अनवाणी नाहीतर झिजलेल्या चपलेवर रानात.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची गोष्ट सांगतो. भादव्यातली रात्र. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. घरातला कर्ता माणूस मोटर चालू करायला निघाला. दाराशी गमबूट होते, नवे कोरे. पण एक नंबरनं लहान. अंगठा दुखतो म्हणून त्यानं ते घातले नाहीत, चप्पल अडकवली. बांधावरच्या गवतात घोणस होती. दंश झाला तो घोट्याच्या दोन बोटं खाली. वेळेवर सरकारी दवाखान्यात पोचला म्हणून वाचला, पण पायाची जखम भरायला महिने लागले आणि त्या साली सोयाबीनची काढणी भावकीनं करून दिली. बूट घरात होता. तो पायात बसत नव्हता, एवढंच.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे आपल्या खरिपातले. शेतात काम करणाऱ्या माणसाला साप चावतो तो बहुतेक वेळा पायालाच, घोट्याच्या आसपास किंवा त्याखाली. म्हणून रानातल्या बुटाची पहिली अट ही, की तो घोटा झाकणारा असावा. आणि दुसरी अट, जी पहिलीइतकीच मोठी आहे, ती ही की तो तुम्ही रोज घालाल असा असावा.

कामाप्रमाणे बूट

पुष्कळांची समजूत असते की एकच दणकट जोड घेतला की बारा महिने बघायला नको. तसं होत नाही. पाणी, चिखल, दारं धरणं, गोठ्यातलं शेण-मूत, फवारणी यांना गुडघ्याखालपर्यंतचा रबरी किंवा पीव्हीसीचा गमबूट. कोरड्या रानातल्या चालीला, म्हणजे कोळपणी, कापणी, राखण, जनावरामागं फिरणं यांना घोट्याच्या वर येणारा, नाडी बांधायचा कॅनव्हासचा किंवा चामड्याचा बूट. गावात, बाजारात, लग्नकार्यात आपल्या वहाणा आहेतच.

कोल्हापुरी वहाणेला नावं ठेवायची नाहीत. झाडाच्या सालीत कमावलेलं ते कातडं पायाच्या आकाराला येतं, उन्हाळ्यात पायाला हवा लागते, आणि तुटली तर गावातच शिवून मिळते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती कोरड्याची सोबती. पाण्यात भिजली की कातडं फुगतं, शिवण कुजते. आणि घोटा तर ती झाकतच नाही.

चामड्याचा बूट टिकाऊ खरा, पण तो जड, आणि भिजला की वाळायला दोन दिवस घेतो. कॅनव्हासचा जाड तळाचा बूट, ज्याला बाजारात हंटर बूट म्हणतात, तो हलका असतो, धुता येतो, उन्हाच्या बाजूला ठेवला तर लवकर वाळतो. कोरड्या कामाला मला विचाराल तर मी तोच घ्या म्हणेन. बोटांवर लोखंडी टोपी असलेला बूट ज्याला दगड-गोटे, अवजारं, ट्रॅक्टरची जोडणी-सोडणी रोजची आहे त्यानं घ्यावा. नुसत्या चालीला तो ओझं होतो.

वजनाचा हिशेब

हातात धरल्यावर पावशेर इकडं-तिकडं कळत नाही. पण हिशेब करून बघा. दीड फुटी ओळीत सोयाबीन आहे आणि तुम्ही दिवसात दोन एकर कोळपता. ओळीओळीनं ही चाल भरते जवळजवळ १८ किलोमीटर. भुसभुशीत रानात पाऊल दोन फुटांचं धरलं, तर पावलं झाली २९ हजार. म्हणजे एकेक पाय साडेचौदा हजार वेळा उचलला. एका बुटात २५० ग्रॅम वजन जादा असलं, तर एका पायानं दिवसभरात जादा उचललं सुमारे ३६ क्विंटल. दोन्ही पायांचं मिळून ७२. संध्याकाळी मांड्या का भरून येतात ते यात आलं.

तेव्हा दुकानात दोन-तीन जोड सारखे वाटले, तर वाण्याच्या काट्यावर टाकून बघा. लाजायचं कारण नाही, आपण दाम मोजतो.

पण हलक्याच्या नादात दुसरीकडं फसगत होते. हल्ली मऊ फोमच्या तळाचे बूट आणि चपला निघाल्या आहेत, कापसासारख्या हलक्या. घरात, अंगणात ठीक. रानात मात्र बाभळीचा काटा त्यातून सरळ आरपार येतो. तुरीची, पऱ्हाटीची धसकटं, उसाचे तोडलेले बुडखे यांचंही तसंच. तळावर अंगठ्याचं नख जोरानं दाबा. नख सहज रुतून खूण राहिली, तर तो रानाचा तळ नव्हे. हलकेपणा वरच्या कापडात बघा, तळात थोडं वजन सोसा.

तळाच्या खाचाही बघून घ्या. काळ्या रानात बारीक बारीक खाचा दहा पावलांत मातीनं भरतात आणि पायाला ढेकूळ बांधल्यासारखं होतं. खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असल्या, तर माती आपोआप गळते.

माप कसं घ्यावं

बूट सकाळी घेऊ नये. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. मी स्वतः एकदा सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊन बूट आणले आणि दुपारी ते हातात धरून घरी चालत आलो. तेव्हापासून खरेदी दुपार कलल्यावर.

घरीच एक कागद जमिनीवर ठेवा. त्यावर उभे राहा, बसून माप घेऊ नका. उभं राहिल्यावर अंगाचा भार पडून पाऊल लांब आणि रुंद होतं. दुसऱ्याला पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. दोन्ही पायांचं माप घ्या, कारण क्वचितच दोन्ही सारखे असतात. मोठ्या पायाचा कागद कातरून दुकानात न्या आणि बुटाच्या तळावर ठेवा. कागद तळाच्या बाहेर डोकावत असेल, तर तो बूट तुमचा नाही, मग दुकानदार काही म्हणो. "वापरून सैल होईल" हे चामड्याच्या बाबतीत थोडं खरं असतं, तेही रुंदीला. लांबीला कुठलाच बूट वाढत नाही, आणि रबर तर मुळीच नाही.

नंबरात आणि नंबरात एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. दोन नंबरांच्या मधे पाय बसत असेल, तर मोठा घ्या आणि आत एक तळवा घाला. रोज जे पायमोजे घालणार तेच घालून बूट चढवा. उभे राहा. पुढच्या बोटापुढं एक बोटभर जागा हवी, बोटं हलली पाहिजेत. आपली माणसं लहानपणापासून अनवाणी चाललेली, त्यामुळं चवडा रुंद असतो. निमुळत्या टोकाच्या बुटात करंगळी दबते आणि तिथंच पुढं कुरूप होतं. मग उकिडवे बसा. शेतातलं निम्मं काम बसून असतं आणि हे दुकानात कोणी करून बघत नाही. बसल्यावर बुटाची वरची कड पोटरीला किंवा घोट्याला टोचते का, बूट बोटांच्या सांध्याशी वाकतो का, हे तेव्हाच कळतं. मधोमध कमानीत वाकणारा बूट लवकर तिथंच चिरतो.

वरचं कापड आणि तळ जिथं जुळतात, तिथं अंगठ्यानं ताणून बघा. नुसत्या डिंकानं चिकटवलेला तळ पावसात सुटतो. शिवलेला किंवा साच्यात एकजीव झालेला बरा. गमबुटावर आयएसआयची खूण शोधा. रबरी बुटाला खुणेच्या वर आयएस ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटाला आयएस १२२५४ हा मानकाचा क्रमांक असतो.

घरातल्या बाईच्या पायाचं काय?

खुरपणी कोण करतं? कापूस कोण वेचतं? आणि घरात बुटांचा जोड असतो एक, तोही पुरुषाच्या मापाचा. बाईच्या पायात आठ नंबरचा गमबूट म्हणजे चालताना घोटा मुरगळायची सोय. दुकानात चार-पाच नंबर मांडलेला नसतो, म्हणून मिळत नाही असं समजू नका. मागणी केली, चार घरांनी मिळून केली, तर दुकानदार आणून देतो. बी-बियाण्याची यादी करताना घरच्या लक्ष्मीच्या पायाचा कागदही खिशात टाका.

कोकणात, मावळात भाताच्या लावणीत मात्र गमबूट रुतून बसतो. पाय निघतो, बूट राहतो. तिथं अनवाणीच उतरावं लागतं. मग पायाला भेग, जखम असेल, तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीनं झाका आणि बांधावर आल्याबरोबर साबणानं पाय धुवा. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे जंतू याच भेगांतून अंगात शिरतात. लावणीनंतर ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना "मी चिखलात काम केलं आहे" हे आवर्जून सांगा.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या पायाला काटा रुतलेला कळत नाही. त्यांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळवे कंदिलाजवळ, दिव्याजवळ धरून बघावेत. स्वतःला दिसत नसेल, तर नातवाला बघायला सांगावं.

फवारणीचा बूट निराळा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. औषध नुसतं नाकातोंडानं जात नाही, कातडीतूनही जातं. कॅनव्हास आणि चामडं औषध पिऊन घेतात, आणि मग तो बूट पुढं कितीतरी दिवस तुमच्या पायाला ते पाजत राहतो. म्हणून फवारणीला गमबूटच, आणि विजार बुटाच्या बाहेरून सोडलेली, म्हणजे ओघळ आत उतरत नाही. गवतातून चालताना याच्या उलट करायचं, विजार बुटात खोचायची. काम झाल्यावर बूट आतून-बाहेरून साबणाच्या पाण्यानं धुवा, तेही विहिरीपासून, जनावरांच्या हौदापासून लांब.

जपणूक

ओला बूट चुलीजवळ ठेवू नका. चामडं कडक होतं, डिंक सुटतो. आत जुनं वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाऱ्याला ठेवा. कागद ओला झाला की बदला. चामड्याला महिन्यातून एकदा एरंडेलाचा हात द्या. रबरी बूट उन्हात पडून राहिला की चिरतो, आणि डिझेल-ऑइल लागलं की फुगतो. पायमोजे रोज बदला, सुती घ्या. पाय कोरडा करून मगच बूट घाला, नाहीतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

गमबुटानं सापापासून सोळा आणे हमी मिळते असं मी म्हणणार नाही. हातात बॅटरी हवी, पाय आपटत चालायला हवं. तरीही दंश झालाच, तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

शेवटचं एक. बूट दाराशी उपडे करून, काठीवर टांगून ठेवा, आणि पायात घालण्याआधी दर वेळी जमिनीवर दोनदा आपटा. बुटाचा अंधार विंचवाला फार आवडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि त्यामुळं पुष्कळ जीव वाचले, २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण बूट आपटायला काही औषध लागत नाही. पोरांनाही ही सवय आत्ताच लावा.