आकडा नव्हे, डोळा पाहा

१७ मेच्या जागतिक उच्च रक्तदाब दिनी बीपी मोजून घेण्याची आवाहनं झाली, मीठ कमी खा हेही सांगून झालं. या सगळ्यात एका आजाराचं नाव क्वचितच निघतं: मॅलिग्नंट हायपरटेन्शन, म्हणजे झपाट्याने चढून धमन्यांनाच इजा करणारा रक्तदाब. कर्करोगाशी त्याचा संबंध नाही, पण उपचार झाले नाहीत तर माणूस तितक्याच वेगाने जातो.

लोणावळ्याचं रक्तदाबाशी नातं जुनं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनांनी रक्तदाबावर काय परिणाम होतो हे यंत्र लावून तपासलं. श्रद्धेचा विषय प्रयोगशाळेत नेण्याचं हे धाडस मला फार मोठं वाटतं. १९२७ मध्ये दौऱ्यात गांधीजींची प्रकृती रक्तदाबाने ढासळली, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला. पुढे १९३७ मध्ये गांधीजींच्या रक्तदाबाची नोंद १९४/१३० अशी आहे. त्यानंतर दहा वर्षांनीही ते नोआखालीत गावोगाव पायी हिंडत होते. तेवढाच आकडा असलेला दुसरा माणूस वर्षभरात दगावू शकतो. फरक पडतो तो धमन्यांच्या भिंतीत.

एरवी दाब वाढला की लहान धमन्या आकसतात आणि पुढच्या नाजूक केशवाहिन्यांना जपतात. दाब झपाट्याने १८०/१२० च्या पुढे गेला की हे संरक्षण मोडतं. धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, रक्तातली प्रथिनं भिंतीत शिरतात, वाट बुजत जाते. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते शरीराचाच दाब उतरला असं समजून रेनिन सोडतं. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, धमन्या आणखी आकसतात, दाब आणखी चढतो आणि मूत्रपिंड पुन्हा रेनिन सोडतं. अरुंद वाहिन्यांतून जाताना तांबड्या पेशी तुटतात. लघवीतून प्रथिनं आणि रक्त जाऊ लागतं, क्रिएटिनिन वाढतं. हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी साठतं. मेंदूला सूज आली की माणूस गोंधळतो, त्याला झटके येतात.

शरीरातल्या या लहान धमन्या कुठेही कापाकापी न करता थेट दिसतात त्या फक्त डोळ्याच्या पडद्यावर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ मध्ये पडद्यावरच्या खुणांवरून रुग्णांचे चार गट पाडले. चौथ्या गटात, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या मुळाशी सूज आलेल्यांत, वर्षभरानंतर पाचांतला जेमतेम एक जिवंत होता. तेव्हा परिणामकारक गोळ्याच नव्हत्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाब उतरवणाऱ्या सर्पगंधेवरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला तो १९४९ मध्ये. आज वेळेत उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण पाच वर्षांनंतरही जगतात.

तरीही माणसं इथवर येतात, ती बहुतेकदा वर्षानुवर्षं बीपी न मोजल्यामुळे किंवा गोळी मध्येच सोडल्यामुळे. लोणावळ्याजवळच्या अंदर मावळात, नाणे मावळात भातलावणी ऐन भरात असताना गोळ्या आणायला कोण जाणार? बरं वाटतंय म्हणून गोळी थांबते. योगशिबिरात आकडा उतरला म्हणूनही थांबते, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. योगाने मदत होते. पण डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायची नाही. रुग्ण तरुण असेल तर कारण शोधलंच पाहिजे: मूत्रपिंडाचा विकार, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ किंवा, आपल्याकडच्या तरुण मुलींत, ताकायासू आजाराने अरुंद झालेली मूत्रपिंडाची धमनी.

जिभेखाली गोळी देऊन दाब एकदम खाली आणण्याची जुनी पद्धत घातक आहे. चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा त्याने तुटू शकतो. पहिल्या काही तासांत दाब साधारण २० ते २५ टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत, तोही रुग्णालयात.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे: गावातल्या बीपी शिबिराच्या टेबलावर डोळ्याचा पडदा पाहायचा ऑप्थॅल्मोस्कोपही ठेवा, तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरांना तो हाताळायला बोलवा. आणि वाचकहो, बीपी १८०/१२० च्या वर असेल, सोबत डोकं ठणकत असेल, अंधुक दिसत असेल किंवा धाप लागत असेल, तर चष्म्याचा नंबर तपासत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि डोळ्याचा पडदा तपासायला सांगा.