एका तळ्यातले शेजारी

माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लू, हातात आली की आधी तिचं तोंड पाहावं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो. रोहूच्या ओठाला झालर, तो मधल्या पाण्यात चरतो. मृगळचं तोंड खालच्या अंगाला, त्याचं पोट तळाच्या कुजक्या पाल्यावर. हे मासे एकमेकांशी भांडत नाहीत. एकाच ताटावर गर्दी झाली की खुरटतात.

नेवासे तालुक्यात, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याखालच्या एका शेततळ्यावर पावसाळ्यात बीज सोडताना मी हजर होतो. तळं 30 बाय 30 मीटर, आत प्लॅस्टिकचा कागद. कटला 4, रोहू 3, मृगळ 3 हे नेहमीचं प्रमाण. पण कागदावर गाळ धरत नाही, मग मृगळने खायचं काय? मालकांनी मृगळ पन्नासावर आणला, ते मला पटलं.

खरा वाद चंदेऱ्यावरून, म्हणजे सिल्व्हर कार्पवरून झाला. "दादा, झपाट्यानं वाढतो, शंभर टाकाच," बीजवाल्याचा आग्रह. वाढतो खरा, पण तोही वरच्याच थरातला, पाण्यातलं हिरवं शेवाळ गाळून खाणारा. त्याच्यापायी कटला मागे पडतो. मालकांनी नको म्हटलं. गवत्या (ग्रास कार्प) मात्र पंचवीस घेतले. गोठ्यामुळे बांधावर घास होताच, आणि गवत्याच्या विष्ठेनं पाण्याला खत मिळतं.

सगळ्यात जास्त धास्ती चिलापीची (तिलापियाची). तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, साचल्या पाण्यात वर्षातून अनेकदा पिल्लं काढते. कटला, रोहू, मृगळ यांना वीण घालायला वाहतं, पुराचं पाणी लागतं. तळ्यात ते वाढतात, पण पिल्लं देत नाहीत. म्हणून सोडलेला आकडा फुगत नाही. त्यांचं बीज मिळतं ते संप्रेरकाच्या इंजेक्शनमुळे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ते साधलं. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे. चिलापी कालव्याच्या पाण्यातून आत येते, मरळही तशीच, आणि मरळ तर बोटुकली गिळते. म्हणून पाणी आत सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधलेली होती. आफ्रिकन मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. तो सगळ्यांना खातो आणि देशात त्याच्यावर बंदी आहे.

ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं-बाहेरचं तापमान जुळल्यावर तोंडं सोडली, थोडं तळ्याचं पाणी आत घेतलं, मग बोटुकली आपापल्या बेतानं बाहेर पडली.

पुढचा प्रश्न उन्हाळ्याचा. तळं मुळात पिकासाठी आहे. एप्रिलात पाणी कमरेवर आलं की वरचा, मधला, खालचा असे थरच उरत नाहीत, प्राणवायूही घटतो. मालकांचा बेत पक्का आहे: मोठा कटला मार्चमध्येच जाळ्यानं काढायचा, आणि उरलेलं पाणी रोहूला मोकळं ठेवायचं.