कोपी आणि घर : ऊसतोड कुटुंबाचे दोन मुक्काम

कोण : बीड, अहिल्यानगर भागांतून कोल्हापूरच्या साखरपट्ट्यात येणारी कुटुंबे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मजुरी जोडीवर ठरते. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम ती 'उचल'.

कधी : दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू. मुक्काम साधारण 5 ते 6 महिने.

कोपी : बांबू वाकवून केलेली कमान, वर चटई किंवा ताडपत्री. आत वाकूनच शिरावे लागते. चूल बाहेर, बैल दाराशी, पाणी बहुधा लांबून. मुक्काम हलला की भांडीकुंडी, अंथरूण, कोंबड्यांसह सगळा संसार बैलगाडीत.

घर : गावी. मतदान तिथे, म्हातारी माणसेही बहुधा तिथेच. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे.

रेशन : 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत मुक्कामाच्या गावीही धान्य घेता येते.